निवृत्त शिक्षकांच्या पुनर्नियुक्तीवरील उत्पन्नमर्यादा

निवृत्त शिक्षकांच्या पुनर्नियुक्तीवरील उत्पन्नमर्यादा म्हणजे निवृत्तिवेतन घेत असलेला शिक्षक पुन्हा सार्वजनिक शाळेत वा अन्य शासकीय सेवेत रुजू झाल्यास त्याने एका वर्षात किती कमवावे, यावर कायद्याने किंवा निवृत्तिवेतन योजनेच्या नियमांनी घातलेले बंधन होय. ही मर्यादा ओलांडल्यास बहुतेक ठिकाणी नोकरी जात नाही. निवृत्तिवेतन कमी होते किंवा काही काळ थांबते. अशा मर्यादा प्रामुख्याने अमेरिकेच्या निरनिराळ्या राज्यांतील शिक्षक निवृत्ती योजनांमध्ये व इंग्लंड-वेल्सच्या शिक्षक निवृत्तिवेतन योजनेत आढळतात. भारतात हाच हेतू वेगळ्या मार्गाने साधला जातो. येथे निवृत्तिवेतनाला सहसा हात लावला जात नाही, नव्या नियुक्तीचे वेतनच आखडते ठेवले जाते.

संकल्पना

निश्चित लाभाच्या निवृत्तिवेतन योजनेत शिक्षकाला सेवेची वर्षे आणि अखेरचे वेतन यांच्या हिशेबाने तहहयात ठरावीक रक्कम मिळते. ही रक्कम वेतनाची जागा घेण्यासाठी असते, असे या योजनांचे मूळ गृहीतक आहे. निवृत्त झालेली व्यक्ती त्याच सार्वजनिक तिजोरीतून निवृत्तिवेतन आणि पूर्ण वेतन अशा दोन्ही रकमा घेऊ लागली की या गृहीतकाला तडा जातो. अमेरिकेत या प्रकाराला ‘डबल डिपिंग’ असे काहीसे हेटाळणीचे नाव आहे. मराठीत त्यास दुहेरी लाभ म्हणता येईल. मात्र या नावातच निकाल दिलेला असतो, हे ध्यानात ठेवावे लागते. निवृत्तिवेतन हे पूर्वी केलेल्या सेवेचे राखून ठेवलेले वेतन आहे असे मानले, तर आजच्या कामाचा आजचा मोबदला हा दुसरा लाभ ठरत नाही. निवृत्तिवेतन हे कामापासून दूर राहणाऱ्याच्या निर्वाहाची तरतूद आहे असे मानले, तर तो ठरतो. उत्पन्नमर्यादेविषयीचे बहुतेक वाद या दोन दृष्टींच्या संघर्षातून निर्माण झाले आहेत.

मर्यादेमागे आणखी दोन कारणे सांगितली जातात. पहिले विमागणिताचे आहे. पुन्हा नोकरी मिळण्याची हमी असेल तर शिक्षक शक्य तितक्या लवकर निवृत्त होतात. त्यामुळे योजनेला अपेक्षेपेक्षा अधिक वर्षे निवृत्तिवेतन द्यावे लागते आणि अंशदान मात्र कमी वर्षांचे मिळते. दुसरे कारण तरुण उमेदवारांचे आहे. निवृत्त शिक्षक पदे अडवून बसले तर नव्यांना संधी केव्हा मिळणार, हा प्रश्न सर्वच देशांत विचारला जातो. गणित, विज्ञान व विशेष गरजा असलेल्या मुलांचे शिक्षण या विषयांना मात्र हा युक्तिवाद फारसा लागू पडत नाही, कारण तेथे अडवण्यासारखा नवा उमेदवारच अनेकदा नसतो.

अमेरिकेत संघराज्याच्या करकायद्याचाही संबंध येतो. करसवलत असलेल्या निवृत्तिवेतन योजनेने सर्वसाधारणपणे खऱ्या अर्थाने सेवेपासून विलग झालेल्या व्यक्तीलाच लाभ द्यावा, अशी अपेक्षा असते. शुक्रवारी निवृत्त होऊन सोमवारी त्याच वर्गात परत यायचे असे आधीच ठरले असेल, तर ती निवृत्ती कागदोपत्री मानली जाण्याचा धोका असतो. म्हणून बहुतेक राज्यांनी उत्पन्नमर्यादेच्या जोडीला सेवाखंडाची म्हणजे ठरावीक काळ कामापासून दूर राहण्याची अट घातलेली आहे.

मर्यादेची रूपे

मर्यादा पैशांत, काळात किंवा दोन्हींत मोजली जाते. न्यूयॉर्क राज्यात ती डॉलरमधील एक ठोक रक्कम आहे. कॅलिफोर्नियात ती दरवर्षी निवृत्त होणाऱ्यांच्या वेतनाशी बांधलेली आहे. मिशिगनने २०१०च्या सुधारणांनंतर अंतिम सरासरी वेतनाचा एक तृतीयांश भाग ही मर्यादा धरली होती. इलिनॉयमध्ये पैशाऐवजी दिवस मोजतात: मूळ नियम वर्षाला १०० दिवस किंवा ५०० तासांचा होता, शिक्षकांचा तुटवडा जाणवू लागल्यावर तो तात्पुरता १२० दिवस किंवा ६०० तास करण्यात आला. ओहायोने वेगळीच वाट धरली. तेथे निवृत्तीनंतर दोन महिने थांबावे लागते. त्याआधी कामावर परतल्यास त्या काळाचे निवृत्तिवेतन बुडते, पण पुढे कमाईवर मर्यादा राहत नाही आणि नव्या नोकरीतील अंशदान स्वतंत्र खात्यात जमा होते.

दिवस मोजण्याची पद्धत बदली शिक्षकांना सोयीची पडते, कारण त्यांचा रोजचा दर ठरलेला असतो. पैसे मोजण्याची पद्धत हिशेबाला सोपी असली तरी तिच्यात एक दोष आहे. कायद्यात लिहिलेली ठोक रक्कम महागाईबरोबर आपोआप वाढत नाही. ती वाढवण्यासाठी विधिमंडळाला प्रत्येक वेळी नवा कायदा करावा लागतो.

न्यूयॉर्क राज्य

न्यूयॉर्क शहर वगळता राज्यातील सार्वजनिक शाळांचे शिक्षक न्यूयॉर्क राज्य शिक्षक निवृत्ती प्रणालीचे सदस्य असतात. शहरातील शिक्षकांची प्रणाली स्वतंत्र आहे. पुनर्नियुक्तीचे नियम राज्याच्या निवृत्ती व सामाजिक सुरक्षा कायद्याच्या कलम २११ व कलम २१२ मध्ये आहेत. हे नियम शिक्षकांपुरते नसून राज्यातील इतर सार्वजनिक निवृत्तिवेतनधारकांनाही लागू होतात.

कलम २१२ हा नेहमीचा मार्ग आहे. या कलमाखाली ६५ वर्षांखालील सेवानिवृत्त व्यक्तीला कोणाचीही पूर्वपरवानगी न घेता राज्यातील सार्वजनिक नोकरी करता येते, परंतु तिची एका पंचांगवर्षातील म्हणजे जानेवारी ते डिसेंबरमधील कमाई ठरावीक रकमेच्या आत असावी लागते. ही रक्कम २००७ पासून ३०,००० डॉलर होती. २०२० पासून ती ३५,००० डॉलर करण्यात आली. वाढ मोठी वाटते. परंतु २००७ मधील ३०,००० डॉलरची क्रयशक्ती टिकवायची तर २०२० मध्ये सुमारे ३७,००० डॉलर लागले असते. म्हणजे वाढीनंतरही मर्यादा प्रत्यक्षात पूर्वीपेक्षा काहीशी खालीच राहिली.

ज्या पंचांगवर्षात व्यक्ती वयाची ६५ वर्षे पूर्ण करते त्या वर्षाच्या आरंभापासून मर्यादा उरत नाही. डिसेंबरमध्ये वाढदिवस असलेल्या शिक्षकाला त्यामुळे जवळजवळ पूर्ण वर्षाचा फायदा होतो. खासगी शाळा, संघराज्य शासन आणि अन्य राज्यांतील नोकरी यांना ही मर्यादा मुळातच लागू नाही. राज्याच्या सीमेवर राहणारा निवृत्त शिक्षक पलीकडच्या कनेटिकट किंवा न्यू जर्सीतील सार्वजनिक शाळेत कितीही वेतन घेऊ शकतो, स्वतःच्या गावच्या शाळेत मात्र घेऊ शकत नाही. दुहेरी लाभ टाळायचा तो एकाच राज्याच्या तिजोरीपुरता, हे तत्त्व त्यामागे आहे. गावच्या शाळेला मात्र त्यामुळे आपला अनुभवी शिक्षक शेजारच्या राज्याकडे जाताना पाहावे लागते.

कमाई मर्यादेपलीकडे गेल्यास मर्यादा गाठल्याच्या तारखेपासून वर्षाच्या उरलेल्या काळाचे निवृत्तिवेतन स्थगित होते. त्या काळात ते आधीच घेतले असेल तर परत करावे लागते. दुसरा पर्याय पुन्हा प्रणालीचे सदस्य होण्याचा आहे, म्हणजे निवृत्ती मागे घेऊन नव्याने सेवा मोजायला लागण्याचा. पुढच्या जानेवारीत नवी मोजणी सुरू होते व स्थगित निवृत्तिवेतनही पुन्हा चालू होते.

पंचांगवर्ष आणि शालेय वर्ष यांतील फरकामुळे या नियमाचा प्रत्यक्ष परिणाम पाहताना थोडे गणित करावे लागते. समजा, ५९ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेला दरमहा ४,००० डॉलर निवृत्तिवेतन आहे आणि तिने सप्टेंबर ते जून अशा दहा महिन्यांसाठी दरमहा ५,००० डॉलर वेतनावर काम स्वीकारले. शालेय वर्षाची एकूण कमाई ५०,००० डॉलर होते, जी मर्यादेपेक्षा बरीच अधिक आहे. परंतु त्यातील सप्टेंबर ते डिसेंबरचे २०,००० डॉलर एका पंचांगवर्षात मोडतात आणि जानेवारी ते जूनचे ३०,००० डॉलर दुसऱ्या. मर्यादा दोन्ही वर्षांत ओलांडली जात नाही व निवृत्तिवेतनाला काहीच धक्का लागत नाही. अडचण पुढच्या सप्टेंबरात येते. शाळेने तिला दुसऱ्या वर्षासाठीही थांबायला सांगितले, तर सप्टेंबरच्या वेतनाने बेरीज नेमकी ३५,००० डॉलर होते. ऑक्टोबरपासून तीन महिन्यांचे निवृत्तिवेतन, म्हणजे १२,००० डॉलर, स्थगित होते. त्या तीन महिन्यांत ती १५,००० डॉलर मिळवते, पण १२,००० डॉलर गमावते. करापूर्वीचा निव्वळ लाभ अवघा ३,००० डॉलर, म्हणजे महिन्याला एक हजार. पूर्ण वेळ वर्ग सांभाळून हाती एवढेच पडणार असेल, तर बहुतेक लोक एका शालेय वर्षानंतर थांबतात. मुलांच्या दृष्टीने पाहता वर्गाला दरवर्षी नवा शिक्षक मिळतो.

कलम २११ हा अपवादाचा मार्ग आहे. यात अर्ज निवृत्त शिक्षक करत नाही, त्याला नेमू इच्छिणारी संस्था करते. पदासाठी योग्य अर्हतेचा निवृत्त नसलेला उमेदवार उपलब्ध नाही व नेमणूक निकडीची आहे, हे संस्थेला दाखवावे लागते. शाळांच्या बाबतीत राज्याच्या शिक्षण आयुक्तांची मान्यता लागते. ती जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी मिळते व पुन्हा मागता येते. मान्यता मिळाल्यास ३५,००० डॉलरची मर्यादा लागू होत नाही. ज्या संस्थेतून निवृत्ती घेतली तिथेच परतणाऱ्यांना मात्र अधिक कडक अटी आहेत. या कलमाची गरज वर्गशिक्षकांपेक्षा हंगामी अधीक्षक व अन्य प्रशासकीय अधिकारी यांच्या नेमणुकांत अधिक भासते, कारण त्यांची वेतने मर्यादेच्या कितीतरी पट असतात. दुहेरी लाभाविरुद्धचा लोकक्षोभही बहुधा अशाच मोठ्या रकमांमुळे उसळतो. नियमाचा भार मात्र आठवड्यातून तीन दिवस बदली शिक्षक म्हणून जाणाऱ्यावरही तेवढाच पडतो.

कोविड-१९ च्या साथीनंतर शाळांना शिक्षक मिळेनासे झाले, तेव्हा २०२२ च्या वसंत ऋतूत राज्याच्या अर्थसंकल्पी कायद्याने शालेय जिल्ह्यांतील नोकरीपुरती ही मर्यादा ३० जून २०२३ पर्यंत स्थगित केली. या स्थगितीला नंतर मुदतवाढही मिळाली. अशा तात्पुरत्या स्थगितीचा तोटा असा की तिचे भवितव्य प्रत्येक अर्थसंकल्पाच्या वेळी टांगणीला लागते. पुढच्या सप्टेंबरचे वेळापत्रक आखणाऱ्या मुख्याध्यापकाला जूनअखेर संपणाऱ्या सवलतीवर विसंबता येत नाही.

कॅलिफोर्निया

कॅलिफोर्निया राज्य शिक्षक निवृत्ती प्रणालीची स्थापना १९१३ मध्ये झाली. येथील मर्यादेचे सूत्र असे आहे की आधीच्या वित्तीय वर्षात सेवानिवृत्त झालेल्या सर्व सदस्यांच्या अंतिम वेतनाचा मध्यगा काढायचा व त्याचा निम्मा भाग ही पुढील वर्षाची मर्यादा मानायची. वेतने वाढली की मध्यगा वाढतो आणि मर्यादाही वाढते, त्यामुळे न्यूयॉर्कसारखी तेरा वर्षे एकच आकडा राहण्याची वेळ येत नाही. २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने हे प्रमाण १ जुलै २०२४ पासून दोन वर्षांसाठी ५० वरून ७० टक्के करण्यात आले.

मर्यादेहून अधिक कमाई झाल्यास जादा रकमेइतकी कपात डॉलरला डॉलर या दराने निवृत्तिवेतनातून होते. मात्र वर्षाच्या निवृत्तिवेतनापेक्षा अधिक कपात होत नाही. न्यूयॉर्कच्या स्थगितीपेक्षा ही पद्धत सौम्य आहे. येथे मर्यादेपलीकडचे काम जवळजवळ फुकट होते, पण त्यापायी खिशातून भर घालावी लागत नाही.

कॅलिफोर्नियाचा खरा कडकपणा पहिल्या सहा महिन्यांत आहे. निवृत्तीनंतरचे पहिले १८० दिवस मर्यादा शून्य डॉलर असते. त्या काळात प्रणालीच्या कक्षेतील कोणतेही सशुल्क अध्यापन केल्यास मिळालेली सारी रक्कम निवृत्तिवेतनातून वजा होते. सर्वसाधारण निवृत्तिवय गाठलेल्या व्यक्तीची तातडीने गरज असल्याचा ठराव शाळेच्या नियामक मंडळाने जाहीर सभेत केला, तरच सूट मिळू शकते. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या राज्य प्रणालीत पैशाऐवजी वित्तीय वर्षाला ९६० तासांची मर्यादा आहे. एकाच शाळेतील निवृत्त शिक्षक डॉलर मोजतो आणि निवृत्त लिपिक तास मोजतो, अशी गंमत त्यामुळे होते.

टेक्सास

टेक्सासमधील शिक्षक निवृत्ती प्रणाली १९३७ पासून कार्यरत आहे. येथे डॉलरची मर्यादा नाही. पूर्ण वेळ की अर्ध वेळ, यावर सारे अवलंबून असते. निवृत्तीनंतर सलग १२ पूर्ण महिने राज्याच्या सार्वजनिक शिक्षण संस्थांपासून दूर राहिल्यास पूर्ण वेळ काम करता येते व निवृत्तिवेतन चालू राहते. तोवर अर्ध वेळ कामाची मुभा असते, तसेच रजेवरील शिक्षकाच्या जागी बदली काम करता येते.

पूर्वी महिन्यातील थोडी जादा कामगिरीही त्या महिन्याचे संपूर्ण निवृत्तिवेतन घालवत असे. २०२१ च्या सुधारणांनंतर पहिल्या उल्लंघनास लेखी इशारा दिला जातो व निवृत्तिवेतनावरील परिणाम त्यापुढच्या उल्लंघनांपासून होतो. त्याच वर्षी आणखी एक महत्त्वाचा बदल झाला. निवृत्त शिक्षकाला पूर्ण वेळ नेमणाऱ्या शाळेला प्रणालीकडे अधिभार भरावा लागतो. अनेक शाळा हा अधिभार शिक्षकाच्याच वेतनातून वळता करून घेत. नव्या कायद्याने तसे करण्यास मनाई केली. अधिभार हा शाळेवरचा बोजा आहे, तो शिक्षकावर ढकलता येणार नाही, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

सामाजिक सुरक्षेची कसोटी

राज्यांच्या मर्यादांव्यतिरिक्त अमेरिकेच्या संघराज्यीय सामाजिक सुरक्षा योजनेची स्वतःची उत्पन्नकसोटी आहे आणि लोक अनेकदा या दोहोंत गल्लत करतात. सामाजिक सुरक्षा कायदा १९३५ मध्ये महामंदीच्या काळात झाला. वृद्धांनी जागा मोकळ्या कराव्यात व तरुणांना काम मिळावे, हाही एक विचार तेव्हा होता. मूळ कायद्यात नियमित नोकरी असलेल्या महिन्याचा लाभ मिळणार नव्हता. १९३९ च्या दुरुस्तीने महिन्याला १५ डॉलर हा उंबरठा ठरवला. पूर्ण निवृत्तिवय गाठलेल्यांसाठी ही कसोटी एप्रिल २००० मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांची स्वाक्षरी झालेल्या कायद्याने रद्द झाली. त्याआधी लाभ सुरू करणाऱ्यांसाठी ती अजूनही आहे. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचे पूर्ण निवृत्तिवय ६७ वर्षे आहे.

२०२५ साठी ही मर्यादा २३,४०० डॉलर होती. तिच्यावरच्या प्रत्येक दोन डॉलरमागे एक डॉलर रोखला जातो. समजा, ६३ वर्षांच्या शिक्षकाने त्या वर्षी ३३,४०० डॉलर मिळवले, तर जादा १०,००० डॉलरपोटी ५,००० डॉलरचा लाभ रोखला जातो. न्यूयॉर्कच्या शिक्षकांना सामाजिक सुरक्षाही लागू असल्याने असा शिक्षक राज्याच्या ३५,००० डॉलरच्या मर्यादेत सुरक्षित असूनही संघराज्याच्या कसोटीत सापडतो. मात्र रोखलेली रक्कम कायमची जात नाही. पूर्ण निवृत्तिवय येताच मासिक लाभाचा पुन्हा हिशेब होऊन तो वाढतो. राज्याच्या निवृत्तिवेतनाबाबत अशी भरपाई होत नाही. पूर्ण निवृत्तिवय गाठण्याच्या वर्षात मर्यादा अधिक उदार असते. २०२५ साठी ती ६२,१६० डॉलर होती व कपात तीन डॉलरमागे एक डॉलर. निवृत्तिवेतन, व्याज व लाभांश यांची गणना या कसोटीत कमाई म्हणून होत नाही.

कॅलिफोर्निया व टेक्सासच्या बहुतेक शिक्षकांसह देशातील सुमारे ४० टक्के सार्वजनिक शाळाशिक्षक अध्यापनाच्या नोकरीत सामाजिक सुरक्षेच्या कक्षेत येत नाहीत. अन्य नोकरीतून किंवा जोडीदाराच्या खात्यावरून त्यांना मिळणारा लाभ दोन विशेष तरतुदींमुळे घटत असे. ५ जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष जो बायडेन यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने त्या दोन्ही तरतुदी रद्द झाल्या. ही कपात उत्पन्नमर्यादा नव्हती. ती केवळ निवृत्तिवेतन मिळते म्हणून होत असे, शिक्षक पुन्हा काम करो वा न करो.

इंग्लंड आणि वेल्स

इंग्लंड व वेल्समधील शिक्षक निवृत्तिवेतन योजनेत ठोक मर्यादा नसून प्रत्येकाची मर्यादा त्याच्या स्वतःच्या जुन्या वेतनावरून ठरते. निवृत्तीच्या वेळचे संदर्भवेतन महागाईनुसार वाढवून घेतले जाते. वार्षिक निवृत्तिवेतन व शिक्षणक्षेत्रातील नवी कमाई यांची बेरीज त्याहून अधिक होऊ लागली की करवर्षाच्या उरलेल्या काळात निवृत्तिवेतन कमी केले जाते किंवा थांबवले जाते. करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते. उदाहरणार्थ, जुन्या सूत्राप्रमाणे सेवेच्या प्रत्येक वर्षाला वेतनाचा ऐंशीवा भाग धरल्यास ४२,००० पौंड वेतन व ३० वर्षे सेवा असलेल्या शिक्षकाचे निवृत्तिवेतन १५,७५० पौंड होते. त्याला पुनर्नियुक्तीत वर्षाला २६,२५० पौंडांपर्यंत मिळवता येतात. निवृत्तीनंतर कोणीही कार्यरत असतानापेक्षा अधिक श्रीमंत होऊ नये, असा या सूत्राचा साधा अर्थ आहे.

ही कपात अंतिम वेतनावर आधारित जुन्या लाभांना लागू होते. १ एप्रिल २०१५ पासून सुरू झालेल्या सरासरी वेतनाधारित योजनेतील लाभांना ती लागू नाही. त्यामुळे येत्या काळात निवृत्त होणाऱ्या पिढ्यांत हा नियम आपोआप विरत जाईल.

परिणाम

उत्पन्नमर्यादेचा सर्वांत ठळक परिणाम म्हणजे कमाई मर्यादेच्या जरा खाली येऊन थबकते. सामाजिक सुरक्षेच्या कसोटीबाबत अर्थशास्त्रज्ञ लिओरा फ्रीडबर्ग यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ज्येष्ठ कामगारांची कमाई उंबरठ्यालगत दाटलेली दिसून आली होती. शाळांमध्ये याचे रूप म्हणजे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत निवृत्त बदली शिक्षकांनी फोन न उचलणे. नोव्हेंबर-डिसेंबरात, म्हणजे थंडीतापाच्या दिवसांत शिक्षकांच्या रजा वाढतात आणि नेमक्या तेव्हाच अनुभवी बदली शिक्षकांची मर्यादा संपत आलेली असते.

मर्यादेचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. मुले लहान असताना नोकरी सोडलेल्या किंवा उशिरा पेशात आलेल्या शिक्षकांची सेवा कमी व निवृत्तिवेतनही कमी असते, आणि यात स्त्रियांची संख्या मोठी असते. त्यांना पुन्हा काम करण्याची गरज अधिक असते. ठोक मर्यादा मात्र निवृत्तिवेतन किती आहे हे पाहत नाही. दरमहा १,२०० डॉलर घेणारी व ६,००० डॉलर घेणारा या दोघांनाही तीच ३५,००० डॉलरची रेषा असते. कमी निवृत्तिवेतनवाल्याला मर्यादा ओलांडल्यावर गमावायचे कमी असते, एवढाच काय तो दिलासा.

काही शाळा मनुष्यबळ पुरवणाऱ्या खासगी कंपनीमार्फत निवृत्त शिक्षक घेऊन मर्यादा टाळण्याचा प्रयत्न करतात. अशा वेळी कागदोपत्री नियोक्ता खासगी असतो. पण काम, वर्ग आणि पैसा सार्वजनिक शाळेचाच असेल तर अनेक योजना ते सार्वजनिक काम मानतात. आपण कंपनीचे नोकर आहोत, या समजुतीत राहिलेल्या शिक्षकाला नंतर वसुलीची नोटीस आल्यास रक्कम त्यालाच भरावी लागते, कंपनीला नव्हे. म्हणून पुनर्नियुक्ती स्वीकारण्यापूर्वी निवृत्तिवेतन प्रणालीकडून लेखी उत्तर घेण्याचा सल्ला शिक्षक संघटना देतात.

भारतातील पद्धत

भारतात शासकीय निवृत्तिवेतनधारकाने खासगी शिकवणी वा खासगी संस्थेत अध्यापन करून किती कमवावे, यावर सर्वसाधारणपणे मर्यादा नाही. शासनाच्याच सेवेत तो परतला तर ‘वेतन वजा निवृत्तिवेतन’ हे तत्त्व लागू होते. केंद्र शासनाच्या १९८६ च्या पुनर्नियुक्त निवृत्तिवेतनधारकांच्या वेतननिश्चिती आदेशांत हे तत्त्व आहे. शेवटचे वेतन ही कमाल पातळी मानून नवे वेतन व निवृत्तिवेतन यांची बेरीज तिच्या आत ठेवायची. इंग्लंडच्या सूत्राशी त्याचे साम्य उघड आहे, फरक फक्त कात्री कोणत्या रकमेला लावायची याचा. शिवाय केंद्रीय नियमांनुसार पुनर्नियुक्तीच्या काळात निवृत्तिवेतनावरील महागाई वाढही सर्वसाधारणपणे मिळत नाही.

कंत्राटी नेमणुकांसाठी केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने ९ डिसेंबर २०२० रोजी एकसमान सूत्र घालून दिले. निवृत्तीच्या वेळच्या मूळ वेतनातून मूळ निवृत्तिवेतन वजा करायचे व उरलेली रक्कम दरमहा द्यायची. कंत्राटाच्या काळात ती बदलत नाही. वार्षिक वेतनवाढ व महागाई भत्ता नसतो. निवृत्तिवेतनाचा काही भाग अंशराशीकरण करून एकरकमी घेतला असला तरी वजावट पूर्ण मूळ निवृत्तिवेतनाची होते. पूर्ण निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाच्या निम्मे असल्याने मोबदलाही साधारण निम्माच पडतो. मूळ वेतन ९०,००० रुपये असलेल्याला ४५,००० रुपये निवृत्तिवेतन व ४५,००० रुपये मोबदला मिळतो. अंशराशीकरण केलेल्याच्या हाती त्याहून कमी येतात.

विद्यापीठे व महाविद्यालये यांच्याबाबत केंद्र शासनाच्या ३१ डिसेंबर २००८ च्या वेतनविषयक आदेशात रिक्त पदांच्या अधीन राहून ७० वर्षे वयापर्यंत कंत्राटी पुनर्नियुक्तीची तरतूद करण्यात आली. महाराष्ट्रात शालेय शिक्षकांचे निवृत्तिवय ५८ वर्षे आहे. नियमित भरती रखडल्याने जुलै २०२३ मध्ये राज्य शासनाने जिल्हा परिषद शाळांतील रिक्त पदांवर सेवानिवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपये मानधनावर नेमण्यास मान्यता दिली व वयाची कमाल मर्यादा ७० वर्षे ठेवली. हे मानधन शेवटच्या वेतनावरून काढलेले नव्हते; सर्वांना एकच होते. डी.एड., बी.एड. झालेल्या बेरोजगार उमेदवारांच्या संघटनांनी या निर्णयास विरोध केला. निवृत्तांना एक उत्पन्न आहेच, मग आमचे काय, असा त्यांचा प्रश्न होता. तो अमेरिकेतील तरुण उमेदवारांच्या प्रश्नाहून वेगळा नाही. फरक असा की तेथे मर्यादा शिथिल करण्यामागे उमेदवारांचा तुटवडा होता, तर येथे उमेदवार रांगेत उभे असताना पदे रिकामी होती.

१ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर महाराष्ट्र शासनाच्या सेवेत आलेल्या शिक्षकांना १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे मिळणारे निवृत्तिवेतन लागू नाही. ते अंशदानावर आधारित योजनेत आहेत. त्यांच्या बाबतीत निवृत्तीनंतरची रक्कम जमा निधी व त्यातून घेतलेली वार्षिकी यांवर अवलंबून असते. त्यामुळे ‘वेतन वजा निवृत्तिवेतन’ या सूत्रात वजा करावयाची निश्चित रक्कमच त्यांच्याकडे नसते.